शेऱ्याचा रकाना

दहावीच्या निकालानंतर बाराव्या दिवशी मी मुलगा झाले. हे मी म्हणत नाही, तालुक्याच्या कचेरीबाहेर चिकटवलेली यादी म्हणत होती. आदिवासी विद्यार्थी वसतिगृह, मुलगे, क्रमांक एकोणतीस, दुलसीन कायतान सिद्दी.

खरं सांगायचं तर मी आधी नाव बघितलं आणि नाचले. मथळा नंतर वाचला.

"आलं?" मायने विचारलं. तिला अक्षरं येत नाहीत, पण माझ्या पायांवरून ती सगळं वाचते.

"आलं माय! आणि... थांब जरा."

मग मी पुन्हा वाचलं, बोट लावून. माय म्हणाली, "आता काय झालं? तोंड का उतरलं?"

"माय, मी मुलगा आहे."

"असतीस तर शेणगोठा मला करावा लागला नसता का? चल, काय ते नीट सांग."

झालं असं होतं की फॉर्म भरला ऑनलाइन सेंटरमध्ये. तिथल्या माणसाने दुलसीन हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. कायतानही नव्हतं ऐकलं. सिद्दी तेवढं माहीत होतं, कारण ते माझ्या तोंडावरच लिहिलंय. मग त्याने फोटो बघितला असणार. फोटोत शाळेचा पांढरा शर्ट आणि आमचे सिद्द्यांचे केस, घट्ट कुरळे, कानाच्या वर. परीक्षेच्या आधी मीच कात्रीने कापले होते, अभ्यासात मध्येमध्ये येतात म्हणून. त्याने मला विचारलं नाही आणि मी स्क्रीनकडे बघितलं नाही. मी तेव्हा शेजारच्या दुकानातल्या बरणीतली चिक्की बघत होते. म्हणजे थोडी चूक माझीही आहे.

आमचा हुळसेवाडा तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटर. त्यातले शेवटचे सहा जंगलातून, पायी. कॉलेज सुटतं साडेचारला आणि आमच्या फाट्याची शेवटची बस सुटते चारला. त्यामुळे वसतिगृह मिळालं तर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स. नाही मिळालं तर मायबरोबर हेगड्यांच्या बागेत सुपारी सोलायची आणि चहा मागच्या दाराला, करवंटीत. इतकं ते सरळ होतं. मला दहावीला एक्याण्णव टक्के होते. सोमवारी अकरावीचे वर्ग सुरू होणार होते आणि त्या दिवशी गुरुवार होता.

"आता आलोच आहोत तर जाऊन बघू," माय म्हणाली. "नाव तर तुझंच आहे ना?"

मुलग्यांचं वसतिगृह बसस्टँडच्या मागे आहे. आम्ही गेलो तेव्हा माझा मामेभाऊ बास्त्याव पहिल्या मजल्याच्या खिडकीत दात घासत होता, सकाळचे अकरा वाजले असताना. मला बघून त्याने ब्रश तसाच तोंडात ठेवून हात हलवला. वार्डन नायक सर खुर्चीत बसून भाताच्या पोत्यांवर नंबर टाकत होते.

"सर, एकोणतीस नंबर," मी म्हटलं.

त्यांनी यादी काढली. "दुलसीन. हं. भाऊ का तुझा? आला नाही तो?"

"मीच आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, मायकडे बघितलं. मग ते हसायला लागले. वाईट हसले नाहीत, पोट धरून हसले, मलाही हसू आलं.

"अगं बाई, इथे चाळीस पोरं टॉवेल गुंडाळून फिरतात. तुला कुठे ठेवू?"

"सर, तुमच्याकडे सिद्दी किती आहेत?"

"सात. का?"

"त्यात मुलगी एकही नाही?"

"मुलग्यांच्या वसतिगृहात मुलगी कशी असेल?" ते म्हणाले. "तू मुलींच्या वसतिगृहात जा. बाजारपेठेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे सगळ्या मुलीच राहतात."

वर खिडकीतून बास्त्याव ओरडला, "दुलसीन, दाढी आली की ये!" मी चप्पल उगारली, तर तो फेसासकट आत पळाला.

मुलींचं वसतिगृह चांगलं होतं. पिवळा रंग, दारात जास्वंद, व्हरांड्यात ओळीने चपला. मागासवर्गीय मुलींसाठी सरकारने बांधलेलं. तिथल्या मुली म्हणजे त्याही कुठल्या ना कुठल्या यादीतल्याच, आमच्यासारख्या. म्हणून मी तिथे जाताना अजिबात घाबरले नाही. उलट वाटलं, चला, आपल्याच बायका.

वार्डन शैलजा मॅडमनी चष्मा वर केला. "सिद्दी? तुमचं वेगळं आहे ना? आदिवासींचं?"

"ते मुलग्यांचं आहे, मॅडम."

"मग मुलींचं मागा सरकारकडे."

"हे मुलींचंच आहे ना?"

"हे मागासवर्गीय मुलींचं."

"मी मागासवर्गीय पण आहे आणि मुलगी पण आहे," मी म्हटलं. दोन बोटं वर करून दाखवली, म्हणजे मोजायला सोपं जावं.

मॅडमना ते आवडलं नाही. "उलटं बोलू नकोस. तुझं नाव त्या यादीत आहे. दोन-दोन ठिकाणी जागा अडवून ठेवता येत नाही." मग त्या जरा मऊ झाल्या. "हे बघ, तुम्हा लोकांचं खेळाचं हॉस्टेल असतं बंगळूरला. तुम्ही पळण्यात पटाईत. तिकडे का नाही जात? खाणंपिणं, बूट, सगळं फुकट."

मी आमच्या वर्गात पळण्यात शेवटून दुसरी. शेवटची येते तिचा पाय लहानपणी मोडलाय. पण हे मॅडमना सांगण्यात अर्थ नव्हता.

"मला सायन्स करायचंय, मॅडम."

"कर की. कोण नको म्हणतंय? पण राहणार कुणाबरोबर?" त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही माझ्याच भल्याचं सांगतायत. "मुलींचे आईबाप येतात माझ्याकडे. खोली बदला म्हणतात. तुमचे ते केस, डोक्यात कंगवा तरी जातो का? उवा झाल्या तर सगळ्या खोलीला होणार. शिवाय तुम्ही मुंग्या खाता म्हणे."

"चटणी असते, मॅडम. लाल मुंग्यांची. मिरची आणि खोबरं घालून. आणू का एकदा?"

"शी!" मॅडम म्हणाल्या. "तुझं काही नाही गं. तू स्वच्छ दिसतेस, बोलतेसही छान. पण लोक असतात ना."

माय दाराबाहेर उभी होती. तिला कन्नड सगळं कळतं, ती फक्त कळल्याचं दाखवत नाही.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि डोकं चालायला लागलं. नायक सर म्हणतात, आम्ही सिद्द्यांना घेतो. खरं आहे, सात आहेत. शैलजा मॅडम म्हणतात, आम्ही मुलींना घेतो. तेही खरं, चाळीस आहेत. कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि मी बसमध्ये होते. नववीत गणिताच्या सरांनी दोन वर्तुळं काढायला शिकवली होती, एकमेकांत घुसलेली. मधल्या फाकेत जे येतात ते दोन्हीकडचे, असं ते म्हणायचे, आणि मला तेव्हा मधले लोक फार नशीबवान वाटायचे. इथे मधली फाक कुणाचीच नव्हती. एक म्हणतो तिकडे जा आणि दुसरा म्हणतो तिकडे जा. मी मायला बसच्या काचेवर बोटाने ती वर्तुळं काढून दाखवली.

माय म्हणाली, "काच पूस. कंडक्टर बघतोय."

संध्याकाळी साव्हेरमामा आले. मामा म्हणजे मायचा मोठा भाऊ, बास्त्यावचा बाप आणि आमच्या सिद्दी संघाचा अध्यक्ष. आमच्या वाड्यावर ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान अशी सगळी सिद्दी घरं आहेत आणि तिन्हींच्या भांडणात मामांनाच बोलावतात. दम्माम, म्हणजे आमचा ढोल, त्यांच्यासारखा कुणी वाजवत नाही. मला ते आवडतात. म्हणूनच त्यांचं बोलणं लागलं.

"बास्त्यावने फोन केला होता," ते ओट्यावर बसत म्हणाले. "तू तिथे काहीतरी हिशेब विचारत होतीस म्हणे, सिद्दी किती, मुली किती."

"विचारायला काय झालं, मामा?"

"पोरी, त्या सात जागा मिळवायला आम्ही सहा वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. आधी तर आपल्याला आदिवासी मानायलाच तयार नव्हते, म्हणायचे तुम्ही आफ्रिकेचे. आता कुठे बसलंय सगळं. तू ओरडाआरडा केलास, यादीत चूक झाली, अमकं झालं, तर ते म्हणतील सिद्द्यांची कटकट फार आहे. आणि सातच्या पाच करतील."

"म्हणजे मी गप्प बसू?"

"गप्प नाही. थांब. पोरींचं पुढच्या वर्षी बघू. संघात ठराव घेऊ."

"पुढच्या वर्षी मी सुपारी सोलत असेन, मामा."

"एक वर्ष सोललीस तर काय बोटं झिजतात?"

"बास्त्याव तीनदा नापास झालाय, तरी त्याची खाट आहे!"

"दुलसीन!" हे बाबा म्हणाले, आतून. बाबा एरवी बोलत नाहीत.

माय कोपऱ्यात बसून कवंदी शिवत होती. कवंदी म्हणजे आमची गोधडी. जुन्या साड्या, शर्ट, झंपर, जे फाटेल त्याचे तुकडे. कडेपासून सुरू करायची आणि गोल गोल आत यायचं. अगदी मधला तुकडा लावताना त्याखाली चार दाणे तांदूळ ठेवायचे, कवंदीचं पोट रिकामं नको म्हणून. शेवटी चार कोपऱ्यांना चार फुलं, म्हणजे दुमडून दुमडून केलेले जाड चौकोन. फुलं लागल्याशिवाय आमच्याकडे कवंदी कुणाला देत नाहीत, ती उघडी वाटते. ही माझ्यासाठी होती. माझा पाचवीचा युनिफॉर्म त्यात होता आणि बाबांची एक लुंगी. तांदूळ ठेवून झाले होते, फुलं तेवढी राहिली होती.

"साव्हेर," माय मान वर न करता म्हणाली, "त्या सात पोरांच्या अंगावर तिथे काय असतं रात्री?"

"काय असतं म्हणजे? कवंदी."

"कुणी शिवल्या?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तूच सांग ना. तुझ्या बास्त्यावची तर मीच शिवली. त्याची आई तेव्हा आजारी होती. सात पोरांच्या सात कवंद्या आम्ही बायकांनी शिवल्या. कुणी म्हटलं नाही की पुढच्या वर्षी बघू." तिने दोरा दाताने तोडला. "उद्या मी हिच्याबरोबर जाते. ओरडणार नाही. मला ओरडता येत नाही. बसून राहीन."

मामांनी टोपी झटकली आणि म्हणाले, "बहिणीला समजावणं म्हणजे गव्याला समजावणं." पण गेले नाहीत. जेवून गेले.

ते गेल्यावर बाबा ओट्यावर आले. जंगलातल्या आमच्या जमिनीच्या तुकड्यासाठी बाबांनी अर्ज केला त्याला नऊ वर्षं झाली. दरवेळी साहेब तोंडाने काहीतरी सांगतात आणि पुढच्या वेळी म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. ते मला एवढंच म्हणाले, "नाही म्हणाले तर भांडू नको. म्हणावं, 'नाही' लिहून द्या. कारणासकट. सही आणि शिक्का."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर मग बघ ते कसे बसतात खुर्चीत," बाबा म्हणाले आणि हसले. बाबांचा एक दात पुढचा नाही, त्यामुळे ते हसले की घरात सगळे हसतात.

दुसऱ्या दिवशी आधी नायक सर. मी म्हटलं, "सर, मला प्रवेश देता येत नाही हे लिहून द्या."

"त्यात काय," ते म्हणाले आणि लगेच लिहून दिलं. क्रमांक एकोणतीस ही विद्यार्थिनी असून यादीत नजरचुकीने समाविष्ट झाली आहे, सबब मुलग्यांच्या वसतिगृहात प्रवेश देता येत नाही. सही, शिक्का. वर मला भाताबरोबर लोणचं देऊ का विचारलं. मी घेतलं.

मग पिवळं वसतिगृह. मायने व्हरांड्यात, चपलांच्या ओळीच्या पलीकडे, कवंदी पसरली आणि पिशवीतून सुई काढली. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. बारावीच्या मुली ताटं धुऊन येत होत्या, त्या थांबल्या.

"बाई गं, किती बारके तुकडे!"

"मावशी, एवढी लांब सुई?"

"ही निळी कुणाची साडी?"

माय सगळ्यांना उत्तरं देत होती, तिच्या मोडक्या कन्नडमध्ये. एक मुलगी तर तिच्याजवळ मांडी घालूनच बसली. धारवाडकडची, यल्लव्वा नाव, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. "आमची आज्जी पण शिवते गोधडी, पण ती मधून सुरू करते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू नवी का? आमच्या खोलीत ये ना. चार नंबर. दोन खाटा रिकाम्या आहेत, रात्री उंदीर त्यांवर नाचतात."

एवढं बोलणं माझ्यासाठी सोन्यासारखं होतं. मी आत गेले.

शैलजा मॅडम म्हणाल्या, "तू परत?"

"मॅडम, तुम्ही नाही म्हणालात ते मला पटलं. फक्त लिहून द्या. घरी दाखवायला. कॉलेजातही लागेल."

यात पटलं हे खोटं होतं, बाकी खरं. मॅडमना बरं वाटलं. कटकट संपतेय असं वाटलं असणार. त्यांनी कोरा कागद घेतला, तारीख टाकली आणि सुंदर अक्षरात लिहायला लागल्या. कु. दुलसीन कायतान सिद्दी हिला या वसतिगृहात प्रवेश देता येत नाही, कारण

आणि पेन थांबलं.

"कारण तुझं नाव दुसऱ्या यादीत आहे," त्या म्हणाल्या.

मी नायक सरांचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. शिक्क्यावरून बोटही फिरवलं.

"बरं. कारण जागा शिल्लक नाही."

"चार नंबरमध्ये दोन खाटा आहेत, मॅडम. उंदीर नाचतात त्यांवर."

"तुला कुणी सांगितलं?"

पेन कागदाच्या वर अर्ध्या इंचावर तसंच होतं. बाहेरून मुलींच्या हसण्याचा आवाज आला, माय काहीतरी सांगत होती.

"मॅडम, काल तुम्ही मुलींच्या आईबापांचं म्हणालात ना, ते लिहा."

"ते कसं लिहिणार?"

"जसं बोललात तसंच. सिद्दी असल्यामुळे कुणी एका खोलीत राहणार नाही. केसांचं लिहा. मुंग्यांचं पण. मी सावकाश सांगते, तुम्ही लिहा."

मी हे चिडवायला म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की कारण आहे तर ते कागदावर यायला हवं. पण मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी दाराबाहेर बघितलं. तिथे त्यांच्या नऊ-दहा मुली आमच्या कवंदीच्या कडेने बसल्या होत्या, दोघी तर कवंदीवरच. केसांना कुणी काही म्हणत नव्हतं. यल्लव्वा मायकडून फुलाची घडी शिकत होती आणि चुकवत होती.

बराच वेळ गेला. मी घड्याळ बघितलं नाही, पण माय म्हणते तेवढ्यात तिची दोन फुलं लावून झाली.

मॅडमनी कागद फाडला. चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "सोमवारी सामान घेऊन ये," त्या म्हणाल्या. "तात्पुरता प्रवेश. तात्पुरता, कळलं? पक्की यादी ऑगस्टमध्ये." त्यांनी मोठं रजिस्टर काढलं. नाव, गाव, जमात, टक्के. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात त्यांनी एक शब्द लिहिला आणि रजिस्टर मिटलं.

बाहेर येऊन मी मायला सांगितलं. तिने छातीवर क्रूस केला आणि तिसरं फूल घट्ट केलं.

"चौथं?" यल्लव्वाने विचारलं.

"तात्पुरती आहे ना ती," माय म्हणाली. "तर तीनच. पक्की झाली की लावीन." आणि सुई पिशवीत ठेवली.

सोमवारी मी चार नंबरमध्ये गेले, तीन फुलांची कवंदी घेऊन. सगळं गोडगोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात एका मुलीचे वडील येऊन मॅडमशी बोलून गेले आणि ती मुलगी दुसऱ्या खोलीत गेली. ती जाताना माझ्याकडे बघत नव्हती. यल्लव्वा म्हणाली, "जाऊ दे, ती घोरायची." जेवणाच्या वेळी एकीने सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या केसांना हात लावू का? मी म्हटलं, लाव, पण मग मी पण तुझ्या लावणार. ती हसली आणि आम्ही दोघींनी लावला. फिजिक्स अवघड आहे, हे मात्र खरं आहे, आणि ते सगळ्यांना सारखंच अवघड आहे.

ऑगस्टमध्ये कॉलेजचे खेळाचे सर वर्गात आले. "सिद्दी कोण? तू का? चल, चारशे मीटरला तुझं नाव दिलंय. तालुका स्पर्धा."

"सर, मला पळता येत नाही."

"नाटकं नकोत. तुझ्या वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये आहे."

तेव्हा मला कळलं तो शब्द कुठला होता. क्रीडापटू. मी धावत, म्हणजे चालतच, यल्लव्वाकडे गेले. तिने मॅडमच्या टेबलावर चहा ठेवायच्या निमित्ताने बघून खात्री केली. यादीच्या बाहेरची मुलगी मध्येच घ्यायची तर शेऱ्यात काहीतरी लिहावं लागतं. खेळाडूला केव्हाही घेता येतं. आणि सिद्दी म्हटल्यावर मॅडमना दुसरा शब्द सुचला नसणार. आता यादी पक्की होणार त्याच शब्दावर.

"मग?" यल्लव्वा म्हणाली. "पळ ना. कोण विचारतंय?"

"मी शेवटची येईन."

"ये की."

यल्लव्वाचं ऐकून मी पळाले. मैदानावर दोन-तीनशे माणसं होती. मी ओळीत उभी राहिले तेव्हा मागून आवाज आला, "सिद्दी आहे रे, बघ आता कशी उडते!" माझ्या शेजारची मुलगी बिचारी घाबरून गेली. शिट्टी झाली. पहिल्या वळणापर्यंत सगळ्या माझ्या पुढे होत्या. दुसऱ्या वळणावर मला बास्त्याव दिसला, तो कपाळावर हात मारून घेत होता. साव्हेरमामाही आले होते त्याच्याबरोबर, त्यांनी टोपी काढली होती. मला इतकं हसू यायला लागलं की उरलेला श्वासही गेला. सातजणी पळाल्या आणि मी सातवी आले. सहावीनंतर मी येईपर्यंत लोकांनी टाळ्या वाजवायला दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबवल्या.

संध्याकाळी शैलजा मॅडमनी बोलावलं. रजिस्टर उघडंच होतं.

"हे काय केलंस?"

"पळाले, मॅडम. जेवढं येतं तेवढं."

"खेळाचे सर मला हसले फोनवर. मी तुझ्यासाठी लिहिलं होतं ते. तुझ्या भल्यासाठी."

त्यांनी भल्यासाठीच लिहिलं होतं, ते मला मान्य आहे. पण मी त्या पानाकडे बघत होते. चाळीस नावं, चाळीस ओळी. शेऱ्याच्या रकान्यात वरून खालपर्यंत काहीच नव्हतं. यल्लव्वापुढे कोरं, घोरणारीपुढेही कोरं. फक्त एकेचाळिसाव्या ओळीत तो एक शब्द बसला होता.

"आता काय लिहू मग?" मॅडम म्हणाल्या. "सांग तूच. हुशार विद्यार्थिनी लिहू? एक्याण्णव टक्के?"

क्षणभर मला मोह झाला. एक्याण्णव टक्के लिहिलेलं कुणाला आवडणार नाही?

"काही नको, मॅडम," मी म्हटलं. "बाकीच्यांसारखं कोरं ठेवा."

"कोरं?"

"त्यांना कुठे कारण लागलं?"

मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, व्हाइटनरची बाटली काढली, हलवली, आणि त्या शब्दावर ब्रश फिरवला. एकदा फिरवून अक्षरं दिसत होती, म्हणून दोनदा. वर फुंकर मारली. ती जागा बाकीच्या पानापेक्षा जास्त पांढरी दिसते, बोट लावलं तर जाडसर लागते. मी बोट लावून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ओलं आहे अजून."

पक्की यादी दोन दिवसांनी लागली, कचेरीच्या बाहेर नाही, वसतिगृहाच्या दारात, जास्वंदीजवळ. त्यात माझं नाव होतं. मी फाट्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला. शनिवारी माय आली, पदराला निळा तुकडा बांधून. त्याच व्हरांड्यात बसली, कवंदीचा चौथा कोपरा मांडीवर घेतला. यल्लव्वा शेजारी बसली, यावेळी घडी बरोबर घालत. मी मायला सगळं सांगितलं, स्पर्धा, सर, मॅडम, रजिस्टर, व्हाइटनर, सगळं. ती ऐकत होती आणि शिवत होती. शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला.

"ते सगळं ठीक," ती म्हणाली. "पण साव्हेर सांगत होता, तू अगदी शेवटची आलीस. अगं, थोडं तरी जोरात पळायचंस. लोक बघत होते."